बिनकड्याचा शनी

"बाई, चला ना लवकर! सातपुते मॅडमनी एका दमात शनी काढलाय!"

मी स्टुलावर उभी होते. एका हातात फूटपट्टी, दुसऱ्या हातात दोरा आणि दातांत खडू. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली होती आणि दारातल्या मोठ्या फळ्यावर मी मुलींच्या स्वागताचा मोर काढत होते. पिसाऱ्यातले डोळे सगळे सारखे यायला हवेत, म्हणून मोजूनमापून चाललं होतं. आठवीतली ती पोर खाली नुसती नाचत होती.

मी खडू तोंडातून काढला. "काढला तर काढला. शनी मागं लागला म्हणून कुणी टाळ्या पिटतं का?"

पण गेले. राहवतंय कुठलं!

आठवीच्या वर्गाच्या खिडकीतून बघितलं, तर ही यामिनी सातपुते फळ्याकडे पाठ करून मुलींशी बोलत होती आणि मागच्या मागे हातानं नवा गोळा काढत होती. मग वळली, एक श्वास घेतला, आणि खांद्यापासून अख्खा हात असा फिरवला की गोळ्याभोवती लांबट कडं उमटलं. दोन्ही टोकं जिथं मिळायला हवीत तिथंच मिळाली. पोरींनी बाकं बडवली.

"हात खांद्यातून सोडायचा," ती सांगत होती. "नुसतं मनगट हललं की चित्रात भीती उतरते. आणि खोडायचं नाही. चुकलं तर चुकलं. पुढची रेघ सांभाळून घेते मागच्या रेघेला."

चित्रकलेची शिक्षिका मी. सोलापूरला राहून ए.टी.डी. केलेली. ही बी.एस्सी., विज्ञान शिकवायला जूनमध्ये लागलेली, रोज कुर्डुवाडीहून एस.टी.नं येणारी. लांबगोल काढायचा म्हणजे मी दोन खिळे ठोकते, त्यांना दोरा बांधते, दोऱ्यात खडू अडकवून ताणत ताणत फिरवते. तसा बिनचूक लांबगोल हिनं हवेत काढल्यासारखा काढला होता. माझा जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू?

दुपारी माझ्या तासाला मुलींनी खोडरबर दप्तरात टाकून दिले.

"हे काय?"

"मॅडम म्हणाल्या, खोडरबर लागतो तो घाबरटांना."

"अस्सं! मग पुढच्या वर्षी इंटरमिजिएटच्या परीक्षेला मॅडमनाच बसवा तुमच्या जागी," मी म्हटलं. "काढा खोडरबर बाहेर."

काढले, पण तोंडं वाकडी करून. आजवर माझ्या तासाला कुणी तोंड वाकडं केलं नव्हतं.

घरी गेल्यावर दार लावून घेतलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मीही हात सोडून बघितला. खांद्यातून. श्वास घेऊन. एक काढलं, दुसरं काढलं, पाठकोरी बाजू भरून टाकली. यांनी दुकानातून येऊन ते बघितलं. यांचं स्टेशनरीचं दुकान शाळेसमोरच.

"बटाटे चांगले आलेत," हे म्हणाले. "भाजीवाल्याची पाटी रंगवायला घेतलीस काय?"

"कडी आहेत ती. शनीची."

"हां हां! ती नवीन बाई काढते म्हणे झरझर. दुकानात पोरी तेच बोलत होत्या. हात आहे हो बाईचा!"

त्या दिवशी यांना वरणात मीठ मिळालं नाही. त्यांनीही मुकाट्यानं खाल्लं. काहीतरी बिनसलंय एवढं कळलं असावं.

आता माझं एवढं का जळत होतं, ते सांगायला हवं. तो दारातला फळा म्हणजे साधा फळा नव्हता. बार्शीत त्याला मान होता. एस.टी. स्टँडकडे निघालेला माणूससुद्धा फाटकाशी सायकल टेकवून आज काय काढलंय ते बघून जायचा. सण असो, कुणाची जयंती असो, निकाल असो, फळा बोलायचाच. 'शेटे बाईंचा फळा' म्हणायचे लोक त्याला. मला लेकरूबाळ नाही. माझं म्हणून गावात जे काही होतं, ते तेवढंच होतं.

आणि त्याच आठवड्यात मुख्याध्यापक करंडे सरांनी मला आत बोलावलं.

"शेटे बाई, ते आकाशदर्शनाचं ठरलंय बरं का. शुक्रवारी संध्याकाळी. कॉलेजची दुर्बीण मिळतीय. मैदानात लावायची आणि पालकांना शनी दाखवायचा. संस्थेचे अध्यक्ष येणारेत."

त्या दिवाळीत सूर्यग्रहण झालं होतं, आणि दारं लावून बसणारे लोकसुद्धा काळे चष्मे लावून गच्चीवर चढले होते. तेव्हापासून गावाला आकाशाचं वेडच लागलेलं.

"मग फळ्यावर शनी घेते," मी म्हटलं. "आजपासूनच बसावं लागेल."

सर पेपरवेट फिरवत राहिले. तेव्हाच मी ओळखलं.

"मी म्हणत होतो, सातपुते बाई दोन मिनिटांत काढतात. तुमचा त्रास वाचेल."

"मला त्रास होतो म्हणून मी कधी सांगितलं?"

"तसं नव्हे हो. नवीन आहेत, उत्साह आहे."

"सर, तो फळा माझा आहे."

"फळा संस्थेचा आहे, बाई." मग माझं तोंड बघून जरा नरमले. "असं करू. अर्धा तुम्ही काढा, अर्धा त्या काढतील. अध्यक्ष बघतील. त्यांना ज्यांचं पटेल, त्यांच्याकडे इथून पुढं फळा. तुम्हीही सुटलात, मीही सुटलो."

मी कुठं सुटले? अडकलेच होते.

आता माझी एक पद्धत आहे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काही काढत नाही. मोर काढायचा होता तेव्हा येडशीच्या रानात जाऊन मोर बघून आले होते. शनी पुस्तकात होता, पण पुस्तकातला शनी कुणीही काढील. गुरुवारी संध्याकाळी कॉलेजचे शिपाई, लोखंडे मामा, दुर्बीण घेऊन आले आणि मैदानात ती नीट उभी राहते का ते बघू लागले. यामिनी तिच्या एस.टी.नं गेलेली. मी थांबले.

"मामा, जरा शनी लावून द्या की मला."

मामांनी नळी इकडेतिकडे केली, एक डोळा मिटला, आणि म्हणाले, "या."

मी बघितलं. पिवळसर गोळा. लहानसा, गुळगुळीत. आणि कडं नाहीच!

"मामा, हा शनीच ना?"

"शनीच. दुसरा कोण यील हितं?"

"मग कडं कुठंय?"

मामांनी परत डोळा लावला. "आता काय म्हणावं! मागल्या साली तर होतं. ह्याच काचेतनं दावलं होतं कॉलेजच्या पोरांना."

"मग यंदा कुठं गेलं?"

"ते त्यालाच ठावं, बाई. मी दुर्बीण पोचवणारा माणूस."

मी पुन्हा वाकले. श्वास रोखून बघत राहिले तेव्हा कुठं दिसलं. गोळ्याच्या दोन्ही अंगांना केसाएवढी बारीक, सरळ रेघ. पापणी हलली की नाहीशी व्हायची. मामा बिचारे उभे राहून राहून कंटाळले, विडी ओढून आले, तरी मी डोळा काढला नाही. गोळा केवढा, रेघ केवढी, कुठून निघते, सगळं मनात बसवलं.

करंडे सर कार्यालयाला कुलूप घालत होते. त्यांना गाठलं.

"सर, शनीला कडं दिसत नाही."

"म्हणजे?"

"नुसती रेघ आहे. मी आत्ता बघून आले."

"अहो बाई, कडं नाही तर तो शनी कसला? मामांना म्हणावं काच पुसा. आणि तुम्ही आपलं पुस्तकातलं काढा, शोभा नको अध्यक्षांसमोर."

घरी जाताना डोक्यात चक्र सुरू झालं. पुस्तकातलं काढायचं तर माझा दोऱ्यातला शनी आणि तिचा वाऱ्यातला शनी शेजारी शेजारी येणार, आणि लोक कुणासाठी टाळ्या वाजवणार ते मला दिसतच होतं. पण मी बघितलेला काढला तर? मग आधी हसतील. हसू देत. नंतर दुर्बिणीला डोळा लावतील, तेव्हा कळेल कोण बघून काढतं आणि कोण हवेत हात फिरवतं ते.

यामिनीला सांगायचं का, हेही मनात आलं. आलं आणि गेलं. सामना खेळताना आपले पत्ते समोरच्याला दाखवतं का कुणी? आजही मला त्यात काही वावगं वाटत नाही.

शुक्रवारी दिवसभर मी माझ्या अर्ध्या फळ्यावर होते. काळंभोर आभाळ घोटलं, मधोमध गोळा, त्याच्यावर पिवळ्या-तांबूस पट्ट्यांची हलकी छाया, आणि दोन्ही बाजूंना ती रेघ, टोक काढलेल्या खडूनं. काम झाल्यावर वरून जुनी चादर टाकली. दुपारच्या सुट्टीत यामिनी डबा खात खातच आली.

"बाई, पडदा कशाला? बघू तरी!"

"संध्याकाळी बघा."

"बरं!" हसली. "मी पण संध्याकाळीच काढणार. आत्ता काढून ठेवलं की शिळं होतं."

शिळं! माझा हात दिवसभर भरून आला होता, आणि ही म्हणते शिळं. मनात म्हटलं, हो बाई, काढ ताजं ताजं. संध्याकाळी कळेलच.

संध्याकाळी मैदान फुललं. पालक, पोरीबाळी, कडेवरची मुलं. मुलींच्या आयांनी पाहुण्यांसाठी कडक भाकऱ्यांच्या पाट्या आणि शेंगांची चटणी आणली होती, त्या दारातल्या टेबलावर मांडलेल्या. अध्यक्ष आले, नारळ फुटला, आणि करंडे सरांनी यामिनीला फळ्यापाशी बोलावलं.

तिनं पदर खोचला. लोकांकडे बघून हसली. एक गोळा, एक श्वास, एक फेरा. झालं! शनी फळ्यावर असा तरंगायला लागला की अध्यक्षांच्या तोंडून "वा!" निघालं. टाळ्या थांबेचनात. मीही वाजवल्या, दोन.

मग सरांनी माझी चादर ओढली.

आधी सगळे पुढं वाकून बघायला लागले. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू पुढं सरकत आलं.

"बाई, कडं घरी राहिलं काय?" एक पालक ओरडले.

"शनी कुठला हा, सुईत ओवलेला मणी आहे," दुसरं कुणीतरी.

माझ्या माजी विद्यार्थिनीसुद्धा तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. करंडे सरांचा चेहरा बघवत नव्हता. अध्यक्ष मोठ्या मनानं म्हणाले, "असू द्या, असू द्या, घाई झाली असेल."

"घाई नाही झाली," मी म्हटलं. "दुर्बिणीतनं बघा आधी."

अध्यक्ष वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. "करंडे, ह्यात कडं दिसत नाही."

"काच पुसलीय ना हो मामा?"

"सकाळधरनं पुसतोय."

मग दुसरे वाकले, तिसऱ्या वाकल्या. "आम्हालाही गोळीच दिसतीय." "अगं बाई, खरंच की, रेघ आहे!" माणसं दुर्बिणीकडून फळ्याकडे बघायला लागली, फळ्यावरून माझ्याकडे. हसणं थांबलं. आणि मी? मी कुणाकडेच बघत नव्हते. मी यामिनीकडे बघत होते. तिचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या टाळ्यांनंतर.

तिची पाळी आली. तिनं डोळा लावला. मी मनात म्हटलं, आता!

ती सरळ झाली आणि खदखदून हसली. लाजून नव्हे. पोरीला जत्रेत काहीतरी गंमत सापडावी तशी हसली. पळतच फळ्यापाशी आली, तळहातानं स्वतःचा शनी फराफरा पुसून टाकला आणि ओरडली, "माझा सपशेल चुकला! शेटे बाईंचाच बरोबर आहे! अहो, हे बघा ना काय काढलंय बाईंनी!"

लोक गोळा झाले. पण माझ्या चित्राभोवती नाही, तिच्याभोवती.

"पण मग कडं गेलं कुठं?" अध्यक्षांनी विचारलं.

मलाही तेच हवं होतं. मी बघितलं होतं, काढलं होतं, पण का, ते मला कुठं माहीत होतं? यामिनीलाही नव्हतं. ती तिथंच उभ्या उभ्या विचार करत होती, ओठ हलत होते. मग तिनं टेबलावरची एक कडक भाकरी उचलली आणि सगळ्यांसमोर धरली.

"ही दिसतीय?"

"दिसतीय!" पोरी ओरडल्या.

तिनं भाकरी डोळ्यांसमोर आडवी केली, कड आपल्याकडे. "आता?"

"रेघ!"

"कडं गेलेलं नाही, वळलंय! शनी कललेला आहे आणि तसाच फिरतो. फिरता फिरता कधीतरी त्याचं कडं बरोबर आपल्या डोळ्यांच्या रेषेत येत असणार. मागच्या वर्षी ताट दिसत होतं, यंदा ताटाची कड. आणि ते आहे किती पातळ! रुंदीत पृथ्वीसारखे गोळे ओळीनं मांडता येतील, पण जाडी म्हणाल तर इथून भगवंताच्या देवळापर्यंतसुद्धा नाही."

"पण मॅडम, त्याला कडं आलंच कुठनं?" एका आईनं विचारलं.

यामिनीनं तीच भाकरी दोन्ही हातांत धरली. "समजा, हा त्याचा एक चंद्र. फिरता फिरता ग्रहाच्या फार जवळ गेला. जवळच्या अंगाला ओढ जास्त, लांबच्या अंगाला कमी. मग काय होणार?"

कटकन मोडली भाकरी. तिनं तुकडे तळहातावर चुरले आणि हात गोल फिरवला. "खाली पडता येत नाही, लांब पळता येत नाही. नुसतं फिरत राहायचं त्याच्याभोवती. बर्फाचे तुकडे, म्हणून चमकतात. सगळं अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही, पण असंच काहीसं झालं असावं म्हणतात. बाकीच्या मोठ्या ग्रहांनाही कडी आहेत बरं, पण पुसट."

"म्हणजे फार जवळ जाऊ नये," ती आई म्हणाली. "मी सुनेला हेच सांगते!"

हशा पिकला. पोरी भाकऱ्या उचलून डोळ्यांसमोर आडव्या धरत होत्या, मोडत होत्या, चुरा एकमेकींच्या अंगावर उडवत होत्या. यामिनीच्या केसांत भाकरीचा चुरा, गालावर खडू, आणि चारही बाजूंनी माणसं. चुकली ती होती. बरोबर मी होते. मी खांबापाशी एकटी उभी.

हाताचा हेवा मी समजू शकते. हात घोटून येतो, आज ना उद्या येतो. पण गावासमोर चुकायचं आणि असं चुकायचं की लोकांनी आणखी जवळ यावं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? मी असं चारचौघांत माझं चित्र पुसलं असतं तर घरी जाऊन दोन दिवस जेवले नसते.

अध्यक्षांनी निवाडा दिला. माणूस न्यायी होता. "करंडे, खरं ते शेटे बाईंचं. लोक हसतील हे ठाऊक असून त्यांनी दिसलं तेच काढलं. फळा त्यांच्याकडेच राहील."

जवळ उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हवं ते मिळालं होतं. मी नमस्कार केला.

गर्दी पांगायला लागली तेव्हा यामिनी धापा टाकत माझ्यापाशी आली. तिची एस.टी. चुकली होती, त्याचंही तिला काही नव्हतं.

"बाई, तुम्ही काल बघितलंत?"

झालं, आता भांडणार, म्हणून मी कंबर कसली. "हो. काल."

"मग मला निरोप का नाही धाडलात? मी परत आले असते हो! आपण दोघींनी बघितलं असतं आरामात, लोक यायच्या आधी. किती मजा आली असती!"

मी म्हटलं, "स्पर्धेत असं सांगतं का कुणी?"

"कसली स्पर्धा?"

"फळ्याची. आपली."

"आपली?" तिनं डोळे मोठे केले. "सर मला म्हणाले, अर्धा फळा तुम्ही करा. मला वाटलं, एवढा मोठा फळा एकट्या शेटे बाईंना जड होतो, म्हणून मला मदतीला दिलं. अय्या, बाई! मी काय तुमच्याशी स्पर्धा करणार?"

सोंग आहे का, म्हणून मी नीट बघितलं. बघण्यात माझा हात कुणी धरत नाही. सोंग नव्हतं. अख्खा आठवडा मी कॅलेंडरावर बटाटे काढले, नवऱ्याला अळणी जेवू घातलं, दातओठ खाल्ले, आणि हिला पत्ताच नाही. तिला माझा राग नव्हता, भीती नव्हती, माझ्याकडून काही हिसकावून घ्यायचंही नव्हतं.

"भाकरी खाऊन घ्या," मी म्हटलं. "आज आमच्याकडेच राहा. एस.टी. नाही आता."

"चालेल!" म्हणाली आणि लगेच चटणीकडे वळली.

मी निवृत्त होईपर्यंत फळा माझ्याकडेच राहिला. यामिनीची पुढच्याच वर्षी सोलापूरच्या एका शाळेत सोय लागली, ती गेली. जाताना माझ्या पाया पडली, मी ओटी भरली, सगळं रीतसर झालं. लोक म्हणतात, काय जीव होता हो तुम्हा दोघींचा. मी हो म्हणते.

पण खरं विचाराल तर तिचा हात मला नको होता, तिची हुशारीही नको होती. ती अर्धा फळा पुसत होती ना, तेव्हा एकदा, फक्त एकदा, तिनं माझ्यावर जळायला हवं होतं.